पेंग्विनला कोण घाबरतं?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातले रॉय आणि सिलो, दोन्ही नर पेंग्विन. दोघांनी मिळून अंडं उबवलं, पिल्लू वाढवलं. खरी घडलेली गोष्ट. २००५ साली तिचं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक झालं.

२०१४ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने ते आणि आणखी दोन पुस्तकं मुलांच्या कपाटातून काढली. एकाचा तर लगदा केला! शेकडो माणसं पोराबाळांसह ग्रंथालयाच्या दारात वाचत बसली. मग उरलेली दोन परत आली, पण मोठ्यांच्या कपाटात.

म्हणे, पोरं बिघडतील. अरे, दोन बापांच्या घरातलं पोर रोज काय बघतं? त्याच्या घराचं चित्र लपवणं म्हणजे त्याला सांगणं, तुझं घर लाजेचं आहे. हे आम्हाला मान्य नाही. पोराचा हात पोचेल, त्याच फळीवर पुस्तक ठेवा!