जिंकेल कोण?

आमच्या वर्गात मध्यंतरी मोठा वाद रंगला. केवळ मनोबलाने वस्तू हलविणाऱ्या कॅरी आणि माटिल्डा या कथांतील दोन मुली समोरासमोर उभ्या ठाकल्या, तर जिंकेल कोण? निवाडा आमच्याकडे आला.

कॅरी ही स्टीफन किंग यांच्या १९७४ सालच्या कादंबरीची नायिका. माटिल्डा रोआल्ड डाल यांच्या १९८८ सालच्या. बळच पाहावयाचे, तर कॅरी सरस. तिने शाळा जाळली, गाव उद्ध्वस्त केले, आणि त्यातच तिचाही अंत झाला. माटिल्डाने पाण्याचा पेला कलंडविला आणि खडूकरवी फळ्यावर अक्षरे उमटविली, इतकेच. परंतु त्या अक्षरांनी जुलमी मुख्याध्यापिका पळाली आणि मिस हनी या शिक्षिकेला हिरावलेले घर परत मिळाले.

दोघींनाही घरी माया लाभली नाही. भेद पडला तो शाळेत. माटिल्डाचे गुण पहिल्याच दिवशी ओळखणारी शिक्षिका तिला भेटली. कॅरीच्या वाट्याला वर्गाचा उपहास आला. एका शिक्षिकेस कणव आली, ती फार उशिरा.

आमची मातृभाषा कोंकणी. बालपणी मराठी धडा वाचताना आमचा उच्चार चुकला की वर्ग हसे. त्या हसण्याची धग आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

म्हणून आमचा निवाडा असा: ही झुंज होणारच नाही. माटिल्डा कॅरीच्या बाकावर जाऊन बसेल. पुढे कठीण अभ्यासात मन गुंतताच माटिल्डाची ती शक्ती लोपली. पण विद्यार्थिमित्रहो, एकाकी सोबत्याशेजारी बसावयास त्या शक्तीची गरजच कोठे आहे?