सरसकट दीडशे कशासाठी?

फॅब्रिकेशन शॉपमध्ये प्रीहीटचा, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवण्याचा, विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: ‘द्या दीडशे अंश, झंझटच नको.’ नाहीतर, ‘पंचवीस एमएमपर्यंत प्रीहीट लागतंय कुणाला?’ दोन्ही उत्तरं अनुभवातून आलीत, हे मान्य. पण तो अनुभव साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) आहे, आणि एमएस बरंच काही खपवून घेतं.

ईएन 8 आणि ईएन 19 ही दोन स्टीलं शेजारी ठेवून बघा. कार्बन दोन्हींत साधारण 0.40 टक्के. त्यात मँगनीजचा सहावा हिस्सा आणि क्रोमियम-मॉलिब्डेनमचा पाचवा हिस्सा मिळवला, की कार्बन इक्विव्हॅलंट पहिल्याचा 0.53 च्या आसपास येतो, दुसऱ्याचा 0.77 च्या. हा आकडा जितका मोठा, तितकी प्रीहीटची गरज जास्त. जाड ईएन 19 ला दीडशे अपुरे पडतात. बारा एमएमच्या एमएस प्लेटला दीडशे देणं म्हणजे नुसता गॅस जाळणं.

पंचवीसचा नियमही असाच लंगडा. बट जॉइंटमध्ये उष्णता दोन वाटांनी पळते, टी जॉइंटमध्ये तीन. प्लेट तीच पंचवीसची, पण हिशेबाची जाडी पन्नासाची पंच्याहत्तर होते. सांधा झपाट्याने निवतो, कडक होतो, आतला हायड्रोजन कोंडतो. आणि तडा त्याच दिवशी दिसेल असं नाही. दोन दिवसांनीही जातो.

‘आजवर काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी मेलबर्नचा किंग्ज ब्रिज आठवावा. 1961 साली खुला झालेला हा पूल 10 जुलै 1962 च्या गारठ्यात 45 टनी ट्रकखाली खचला. गर्डरचं जादा ताकदीचं स्टील वेल्डिंगला नाठाळ होतं. कव्हर प्लेटच्या टोकाशी, आडव्या वेल्डपाशी तडे गेले होते. एका तड्यात रंग शिरलेला सापडला, म्हणजे तो कारखान्यातच गेलेला!

मग जास्तच द्यावं? तेही नाही. ए514 सारख्या क्वेंच-टेम्पर स्टीलची टफनेस त्याने जाते; म्हणून 38 मिमीपर्यंत कमाल मर्यादा 200 अंशांची.

आकडा ठरवावा तो प्लेटच्या टेस्ट सर्टिफिकेटवरून, जाडीवरून, सांधा किती जखडलाय त्यावरून आणि रॉडवरून. एडब्ल्यूएस डी1.1 या वेल्डिंग कोडच्या कोष्टकात ए36 स्टीलच्या 38 ते 65 मिमी जाडीला साध्या रॉडने 110 अंश लागतात, लो-हायड्रोजन रॉडने 65. ही 45 अंशांची सूट ओव्हनमधून काढलेल्या 7018 या लो-हायड्रोजन रॉडची आहे. पावसाळ्यात पाकीट उघडं टाकलेल्या रॉडला ती मिळत नाही. आणि तापमान बघायचं ते ज्वाला बाजूला घेऊन, क्षणभर थांबून, सांध्यापासून किमान 75 मिमीवर, शक्य तर मागच्या बाजूने.