ओव्हनमधल्या गोळ्या आणि नानकटाई

"डॉक्टर, मुलाच्या गॅरेजमध्ये एक जुना ओव्हन आहे. त्यात तो गोळ्या भाजतो. एरवी आठवडाभर रिकामाच असतो. मी त्यात नानकटाई केली तर चालेल ना?"

बीपी मोजताना कोथरूडच्या एका काकूंनी मला हे विचारलं. त्या टेक्सासला मुलाकडे सहा महिने राहून आल्या होत्या आणि पुन्हा जाणार होत्या. मला आधी वाटलं, औषधाच्या गोळ्या. मग कळलं, बंदुकीच्या! मुलगा हौशी नेमबाज. शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततो, त्यांच्यावर रंगाची पावडर चढवतो, साधारण २०० अंश सेल्सिअसला भाजून ती पक्की करतो आणि या गोळ्या वापरलेल्या काडतुसांत पुन्हा भरतो. तिकडे हा छंद अनेक जण करतात.

माझं उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. पुढच्या वेळी काकू मुलाचं उत्तर घेऊन आल्या. "तो म्हणतो, कोटिंग केलंय, आता शिसं बाहेर येत नाही." आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

कोटिंग गोळीला असतं, घराला नाही

मुलाचं सगळंच चुकीचं नाही. कोटिंग केलेली गोळी हाताळताना बोटांना शिसं कमी लागतं, हे खरं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे २०० अंशांच्या ओव्हनमध्ये त्याची वाफ होत नाही, हेही खरं. पण शिशाची भीती फक्त वाफेची नसते, धुळीची असते.

कोटिंगच्या आधी काय काय होतं ते पाहा. शिसं वितळवलं, वरची मळी चमच्याने काढली, ती राखेसारखी भुगा होऊन उडाली. उघड्या शिशाच्या गोळ्या हाताने मोजल्या, डब्यात घालून हलवल्या, ट्रेवर मांडल्या. हे सगळं होताना कोटिंग कुठे होतं? ती धूळ ट्रेवर, ओव्हनच्या जाळीवर, दाराच्या मुठीवर, शर्टाच्या बाहीवर आणि चपलेच्या तळाशी बसते. डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही. त्याच ट्रेवर नानकटाई ठेवली की ती पोटात. आणि तोच शर्ट घालून बाबाने बाळाला उचललं की बाळाच्या हातावर, तिथून तोंडात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या ओव्हनमध्ये, भांड्यात किंवा चमच्याने एकदा शिशाचं काम झालं, ते स्वयंपाकासाठी कायमचं बाद. "स्वच्छ घासलं की" वगैरे तडजोड नाही.

"पण मला तर काही होत नाही"

हा दुसरा युक्तिवाद. शिशाचा त्रास सुरुवातीला जाणवतच नाही. पुढे पोटदुखी, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड, रक्त कमी होणं अशी लक्षणं येतात. पण ही तर निम्म्या पुण्याची तक्रार! म्हणून ती ॲसिडिटीच्या नावावर खपून जाते.

खरी किंमत मुलं मोजतात. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलात जवळपास निम्मा. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर: एकाग्रता, शिकणं, वागणूक. झालेलं हे नुकसान औषधाने भरून येत नाही. शिवाय शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून बाळापर्यंत पोहोचू शकतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. २०२१ च्या त्यांच्या मार्गदर्शनानुसार पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं.

"आम्ही पुण्यात राहतो, आम्हाला काय त्याचं?"

आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद इथे घरात करायचा प्रश्नच येत नाही. पण शिसं आपल्या घरात दुसऱ्या दाराने येतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आपली सगळ्यांची मान उंचावली. बालेवाडीच्या रेंजमुळे पुण्यात हा खेळ नवा नाही. तुमच्या मुला-मुलीने नेमबाजी जरूर शिकावी. पण एअर रायफलचे छोटे छर्रे बहुधा शिशाचेच असतात. एअर रायफलमध्ये बारूद नसते, म्हणून धोका काडतुसाच्या बंदुकीपेक्षा कमी. पण शून्य नाही. एका सरावात मूल कितीतरी छर्रे बोटांनी भरतं आणि त्याच बोटांनी डबा उघडून पोळीभाजी खातं.

इथे मला पालकांचा राग येतो. हजारोंची रायफल आणि जॅकेट घेतो आपण, आणि साबणाची वडी विसरतो! ज्या रेंजवर हात धुवायला बेसिन नाही, तिथे फी भरण्याआधी बेसिन मागा. मागायला लाजू नका.

मासेमारीच्या जाळ्याची वजनं घरच्या शेगडीवर ओतणारे, जुन्या बॅटरीचं शिसं वितळवणारे यांनाही हेच लागू आहे. त्यांच्याकडे तर कोटिंगचं निमित्तही नाही.

एवढं करा

- शिसं हाताळल्यावर साबण-पाण्याने हात धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं जात नाही.
- रेंजवर फायरिंगच्या जागी खाऊ-पिऊ नका. छर्रा ओठांत धरू नका.
- सरावाचे कपडे घरी येताच बदला आणि वेगळे धुवा. चपला-बूट दाराबाहेर.
- शिशाच्या कामाची जागा झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा.
- शंका असेल तर डॉक्टरांना सांगून शिरेतल्या रक्ताची शिशाची तपासणी करून घ्या. आकडा वाढलेला आला तर पहिला उपाय म्हणजे शिशाचा संपर्क तोडणं. औषधं लागतात ती पातळी खूप जास्त असेल तेव्हाच, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. 'डिटॉक्स'च्या पुड्या आणि काढे घेऊ नका.

काकूंना मी शेवटी एवढंच सांगितलं: मुलाशी भांडू नका, पण नातवाच्या रक्ताची तपासणी करायला सांगा. आणि नानकटाईसाठी छोटा नवा ओव्हन घ्या. त्या म्हणाल्या, "उगाच खर्च." मी म्हटलं, "काकू, नातवाच्या डोक्यापेक्षा स्वस्त आहे."