शेजारच्या आवाजाची तक्रार : नाव न सांगता करता येते का?

इमारतीखालच्या हॉटेलातली गाणी किंवा समोरच्या गच्चीवरची पार्टी रात्री दहानंतरही थांबत नाही, तरी बहुतेक रहिवासी गप्प बसतात. जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाशी वैर कोण घेणार?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील नेहरूनगरच्या भोंग्यांच्या प्रकरणात या भीतीची दखल घेतली. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि ओळख कळलीच, तर ती समोरच्याला सांगू नये, असे न्यायालयाने बजावले. पोलीस ठाण्यात ‘आधी नाव-पत्ता सांगा’ असा आग्रह झाल्यास या आदेशाचा उल्लेख जरूर करावा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र तक्रारीसाठी आवाज त्याहून किमान १० डेसिबलने जास्त असावा लागतो. सामान्य माणसाने तो मोजायचा कशाने? मोबाइलमधले ॲप अंदाजापुरतेच. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील निर्बंध मोडल्यास मात्र ही १० डेसिबलची अट नाही. त्यामुळे आवाज सुरू असतानाच ११२ वर फोन करावा. सकाळपर्यंत स्पीकर बंद झालेला असतो.