नाक वाकडे झाले तर...

मराठीत आपण 'नाक मुरडतो', कन्नडमध्ये 'मूगु मुरी' म्हणतात. दोन्ही घरांत नाक म्हणजे अब्रू! म्हणून आमच्या बैहरच्या कॉलेजातला एक मुलगा कबड्डीत तोंडावर आपटला, तेव्हा आईला काळजी दिसण्याची होती. "सूज उतरली की येईल जागेवर," असे म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. सूज उतरली, नाक मात्र वाकडेच राहिले. शिवाय एका नाकपुडीतून श्वास येईना.

वाचकहो, इथे वेळेला महत्त्व आहे. सरकलेले हाड मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आत, लहान मुलांत त्याहून लवकर, चिरफाड न करता जागेवर बसवता येते. त्यानंतर ते वाकडेच जुळते. मार लागल्यावर नाक आतून फुगून बंद झाले, तर पडद्यात रक्त साकळलेले असू शकते. ते त्याच दिवशी काढावे लागते, नाहीतर आतली कूर्चा कुजून नाक खचते. नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर ताबडतोब इस्पितळ गाठावे.

उशीर झाला तरी मार्ग बंद होत नाही. काही महिने थांबून शस्त्रक्रिया करतात. फक्त मधला पडदा सरकला असेल तर सेप्टोप्लास्टी पुरते. बाहेरचे हाडही वाकडे असेल, तर त्याच्या जोडीला र्‍हायनोप्लास्टी करून हाड कापून मध्यावर आणतात. आधार कमी पडला तर कानाची किंवा बरगडीची कूर्चा वापरतात. अंतिम आकार दिसायला वर्षभर लागू शकते.

या विद्येचा एक धागा आपल्याच मातीतला आहे. 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी हा मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ही हकिगत छापून आली. ती वाचून कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 मध्ये तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली.

आमच्या विद्यार्थ्यावर पुढे नागपुरात शस्त्रक्रिया झाली. परवा भेटला, तेव्हा दिसण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "सर, आता रात्री झोप लागते."