सलाईनमध्ये मिसळलेले औषध ठेवून देऊ नका

रविवारी विहारात वंदना झाली की आयाबाया आम्हाला गाठतात. या उन्हाळ्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "सिस्टर, सकाळची अर्धी सलाईन उरली, त्यात अँटिबायोटिक आहे. संध्याकाळी लावली तर चालेल का?" देवरी-सालेकसाहून भाडे खर्चून येणाऱ्या माणसाला औषध फेकवत नाही, हे आम्हाला कळते. तरी उत्तर नाही असेच आहे.

बाटलीवरची एक्सपायरी कोरड्या पावडरची असते. पाणी घातले की मुदत तासांवर येते. ॲम्पिसिलिन बनवल्यावर तासाभरात द्यायचे. नसेतून द्यायचे ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तर वीस मिनिटांच्या आत वापरायचे. ग्लुकोजच्या सलाईनमध्ये दोन्ही आणखी लवकर खराब होतात. सेफ्ट्रिॲक्सोन जास्त टिकते, पण अशा मुदती साधारण २५ अंशांच्या खोलीसाठी असतात. मे महिन्यात गोंदियात पारा ४५ कडे जातो आणि वीज गेली की वॉर्डाची भट्टी होते.

दोन औषधे एकाच बाटलीत टाकणे त्याहून वाईट. ॲम्पिसिलिनसारख्या औषधात जेंटामायसिन मिसळले तर जेंटामायसिनची ताकद जाते, पाणी मात्र स्वच्छच दिसते. नवजात बाळांना हीच जोडी दिली जाते, म्हणून ती वेगवेगळीच द्यायची. सेफ्ट्रिॲक्सोन आरएलमध्ये घातले तर त्यातल्या कॅल्शियममुळे साका होतो. असा साका फुप्फुसात आणि मूत्रपिंडात बसून नवजात बाळे दगावल्याची नोंद आहे.

आम्हीही चुकलो आहोत. रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि भरलेला वॉर्ड. सकाळी सहाच्या डोसची इंजेक्शने चारलाच भरून ट्रेमध्ये मांडायची, त्यावर ना नाव, ना वेळ. वरिष्ठांना माहीत होते, पण काम उरकते म्हणून कोणी बोलत नसे.

म्हणून सिस्टरवर ओरडू नका. पण विचारा : हे कोणते औषध, कधी बनवले? खासगी दवाखान्यात पैसेवाला बिनधास्त विचारतो, सरकारी वॉर्डात आपला माणूस हात जोडून गप्प बसतो. तथागतांनी पारखून घ्यायला शिकवले, ते काय फक्त वंदनेपुरते?

प्रत्येक बाटलीवर औषधाचे नाव आणि बनवल्याची वेळ लिहिलेली चिकटपट्टी हवी. त्याला वेगळा निधी लागत नाही. रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्यायला लागतो. रुग्ण कल्याण समितीवर आपले जे कोणी असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत दोन्ही गोष्टी लेखी मांडाव्यात.