हत्ती मठातला असो वा विहारातला, प्रश्न एकच

नांदणी (जि. कोल्हापूर) येथील जैन मठाची महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या 'वनतारा'त नेण्यात आली. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यानंतर लोक रस्त्यावर उतरले, नांदणी ते कोल्हापूर मोर्चा निघाला, जिओवर बहिष्काराची हाक दिली गेली. वाद 'आमची श्रद्धा विरुद्ध अंबानी' असा रंगला. न्यायालयापुढील अहवालांत महादेवीच्या सांध्यांच्या आजाराची आणि पायांच्या दुखण्याची नोंद होती. मठाने हेळसांडीचा आरोप नाकारला. पण या गदारोळात तिच्या पायांविषयी बोलणारे थोडेच होते.

दुसऱ्या धर्माच्या मठ-मंदिरांकडे बोट दाखवणे आपल्याला सोपे आहे. म्हणूनच आम्ही येथे एका बौद्ध विहारातील हत्तीचे उदाहरण देत आहोत.

२००१ मध्ये थायलंडने साक सुरिन नावाचा हत्ती श्रीलंकेला भेट दिला. तेथे त्याचे नाव मुथु राजा झाले. त्याला एका विहारात ठेवण्यात आले आणि धातूंच्या मिरवणुकीत तो मिरवला जाऊ लागला. पुढे त्याचा पुढचा डावा पाय ताठरला आणि अंगावर गळवे झाली. प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर २०२२ मध्ये त्याला कोलंबोजवळच्या देहिवला प्राणिसंग्रहालयात हलवले गेले. २ जुलै २०२३ रोजी तो खास मालवाहू विमानाने उपचारासाठी थायलंडला परतला. या प्रकरणी थायलंडच्या राजांकडे खेद व्यक्त केल्याचे श्रीलंकेच्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितले. अर्थात थायलंडही निर्दोष नाही. तेथेही हजारो हत्ती पर्यटकांच्या करमणुकीसाठी राबतात.

याचा अर्थ काय? मान देणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. झूल पांघरलेला, पूजलेला हत्तीही साखळीत असतो. हत्तीण कळपात जगणारी, दिवसभर चालणारी, रोज दीडशे किलोच्या आसपास चारा खाणारी. तिला वर्षानुवर्षे कठीण फरशीवर एकटे उभे केले तर आधी पाय जातात, मग सांधे. हे कोणत्याही धर्माच्या आवारात घडते.

कायदाही येथे ढिला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याचा व्यापार करता येत नाही. पण २०२२ च्या दुरुस्तीने मालकी प्रमाणपत्र असलेल्या हत्तीचे 'धार्मिक किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी' हस्तांतर करण्यास वाट दिली. 'अन्य कोणत्याही' या शब्दांत काय बसणार नाही? सुटका केलेल्या हत्तींसाठी सरकारी निवारे पुरेसे नाहीत, म्हणून न्यायालयालाही खासगी केंद्राकडे पाहावे लागते. मग धनाढ्यांच्या हाती ही जबाबदारी जाते आणि लोकांचा संशय वाढतो. तो संशय अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र त्यावरचा उपाय हत्ती पुन्हा साखळीत बांधणे हा नाही. सरकारी निवारे उभारा, त्यांची तपासणी उघड करा, अशी मागणी व्हायला हवी.

या चर्चेत माहूतही हरवतो. हत्तीची खरी देखभाल तोच करतो, जीवही तोच धोक्यात घालतो. त्याचा पगार किती, विमा आहे का, हत्ती गेल्यावर त्याच्या घरात चूल कशी पेटणार, हे कोणी विचारत नाही. पुनर्वसन हत्तीचे आणि माहुताचे मिळूनच व्हायला हवे.

कोसंबीच्या भिक्खूंमधील कलहाला कंटाळून तथागत पारिलेय्यकच्या वनात राहिले, तेव्हा कळप सोडून आलेल्या एका हत्तीने त्यांची सेवा केल्याचे पाली साहित्य सांगते. त्या हत्तीच्या पायात साखळी नव्हती आणि कोणाच्या हातात अंकुश नव्हता.

आपल्या तरुणांनी एवढे तरी ठरवावे. धम्म रॅलीत, जयंतीच्या मिरवणुकीत भाड्याने हत्ती, उंट, घोडा आणायचा नाही. आणि कुठे साखळीतला आजारी हत्ती दिसला, तर तो कोणत्या धर्माच्या दारात उभा आहे हे न पाहता वनविभागाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यायची.